चार भिंतींतील हवा



'हवापालट' हा आपल्याकडचा जुना शब्द. प्रकृती खालावली की डॉक्टर हवापालट सांगत, आणि ज्यांना परवडे ते पाचगणीला किंवा देवळालीला जाऊन राहत. हवा ही गावाची असते, घराची नसते, अशी एक समजूत या शब्दामागे आहे. आज त्या समजुतीचाच थोडा विचार करावयाचा आहे. घरालाही स्वतःची हवा असते. ती तासातासाला बदलते, आणि पुष्कळदा ती रस्त्यावरील हवेहून वाईट असते.

हा विचार सर्वांच्याच उपयोगाचा असला तरी आमच्या डोळ्यांपुढे आहेत ते आपापल्या घरी एकटे किंवा दोघेच राहणारे वृद्ध. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींच्या वर भरली होती. मुले नोकरीनिमित्त बंगळूरला, दुबईला किंवा अमेरिकेत आणि आईवडील पेठेतल्या आपल्या जुन्या घरात, हे चित्र आता गल्लोगल्ली दिसते. ही माणसे दिवसाचा बहुतेक वेळ घरातच असतात. वयाबरोबर फुप्फुसांची लवचीकता कमी होते, हृदयाची राखीव ताकद उणावते आणि नाकही मंद होते. भाजी करपलेली कळत नाही, गॅसचा वास येत नाही. निसर्गाने दिलेला पहारेकरी पेंगू लागला असता त्याच्या जोडीला दुसरा नेमणे, एवढाच हवा मोजण्याच्या यंत्राचा हेतू होय.

वाईट हवा प्रथम कोणाला गाठते, याचा एक मोठा धडा इतिहासात आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले. त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली. पुढील अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मृतांत वृद्धांचा भरणा मोठा होता. धुके सर्वांवर सारखेच होते; सोसण्याची शक्ती सारखी नव्हती.

आता घरात मोजावयाचे काय, ते पाहू. मुख्य गोष्टी तीन.

पहिली आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. इंधन अपुऱ्या प्राणवायूत जळले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूवाचून तडफडते. आपल्याकडे याची धोक्याची जागा म्हणजे बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर. थंडीत खिडकी लावलेली, दार लावलेले, आणि गीझर त्या कोंडलेल्या जागेतील प्राणवायू खात असतो. प्राणवायू उणा पडला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि विष तयार होते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. वृद्ध माणूस म्हणतो, पित्त झाले. किंवा रक्तदाब वाढला. बाहेर मोकळ्यावर येताच बरे वाटत असेल आणि घरात पुन्हा तसेच होत असेल, तर संशय पित्ताचा न घेता हवेचा घ्यावा.

याला खरा उपाय यंत्र नव्हे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी, हा खरा उपाय. त्यानंतर कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा झोपण्याच्या खोलीत किंवा लगतच्या बोळात लावावी. स्वयंपाकाच्या गॅसची घंटा मात्र निराळी असते, आणि तिची जागाही निराळी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून ती घंटा जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी. त्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण ज्याचे नाकच मंदावले, त्याला त्या वासाचा काय उपयोग? एक घंटा दुसरीचे काम करीत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट सूक्ष्म धूळ. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहून लहान, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही उतरतात. एका घनमीटर हवेत असे कण किती मायक्रोग्रॅम आहेत, तो आकडा यंत्र दाखवते. चोवीस तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ही मर्यादा सुचविली. भारताचे २००९ चे मानक ६० आहे. फोडणी जळली, उदबत्ती-धूप लावला, की आकडा काही मिनिटांत शंभराच्या पार जातो. डासांच्या कॉइलची गोष्ट तर विलक्षण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एका कॉइलपासून निघणारी सूक्ष्म धूळ पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतकी भरली. जन्मात विडीला न शिवलेले आजोबा दारे-खिडक्या लावून रात्रभर तिच्या शेजारी निजतात! त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी.

तिसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइड. याला पूर्वी मराठीत कर्बाम्लवायू म्हणत. घरात साधारणतः ज्या प्रमाणात तो सापडतो, त्या प्रमाणात तो विष नव्हे. तो खोलीतील कोंडलेपणाचे माप आहे. बाहेरील हवेत तो दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो, आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे चाळीस हजार. म्हणून खोलीतील आकडा चढला की समजावे, आपण एकमेकांचीच सोडलेली हवा पुन्हा घेत आहोत. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये एक हजार भागांची मर्यादा सांगितली, आणि ढोबळ मापक म्हणून ती आजही वापरात आहे. दोन माणसे दारे-खिडक्या लावून निजली, तर पहाटेपर्यंत आकडा दोन हजारांपलीकडे सहज जातो. सर्दी-तापाचे जंतू अशाच हवेत रेंगाळतात.

यंत्र घेताना काही गोष्टी पारखाव्यात. धुळीचे यंत्र हवेत प्रकाश सोडते आणि कणांवरून तो किती विखुरतो यावरून अंदाज बांधते. पावसाळ्यात कण ओलाव्याने फुगतात, त्यामुळे आकडा खऱ्याहून मोठा दिसतो. म्हणून एकट्या आकड्याला फार किंमत देऊ नये. कालचा आणि आजचा, आतला आणि बाहेरचा यांची तुलना करावी. काही स्वस्त यंत्रे कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतच नाहीत. इतर वाफांवरून अटकळ करतात, आणि फिनेलने फरशी पुसली तरी आकडा उडतो. हवेच्या दर्जाच्या पुष्कळ यंत्रांत कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोयच नसते. तेव्हा एक यंत्र आहे म्हणून घंटेची गरज संपली, असे मानू नये. घंटेतील संवेदकाचे आयुष्यही ठरावीक असते. त्यावर छापलेली मुदत पाहून ती बदलावी.

मोजून करावयाचे काय? उत्तर बहुधा खिडकीपाशी येते. पण खिडकी केव्हा उघडावी, यालाही शास्त्र आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर न जाता खालीच अडकतो. ऊन चढल्यावर हवा ढवळली जाते. म्हणून रहदारीच्या रस्त्यावरील घराने हिवाळ्यात पहाटेऐवजी दुपारी खिडक्या उघडाव्यात. स्वयंपाक चालू असताना मात्र बाहेर काहीही असो, धूर ओढणारा पंखा किंवा खिडकी हवीच.

शेवटी एक नाजूक प्रश्न. आजची यंत्रे घरातील आकडे दूरदेशीच्या मुलाच्या फोनवर पाठवू शकतात. सोय मोठी आहे. पण त्या आकड्यांवरून आई केव्हा उठली, स्वयंपाक केला की नाही, पाहुणा कोण आला, याचाही माग लागतो. रात्री दोन वाजता परदेशातून फोन येतो, "आई, खिडकी का उघडली नाहीस?" आईला हे काळजीचे वाटेल की पहाऱ्याचे, ते तिलाच विचारले पाहिजे. आमचे मत असे की यंत्र ज्याच्या श्वासासाठी आहे, आकडा प्रथम त्याला दिसावा, ठळक अक्षरांत आणि मराठीत. मुलांना काय कळवावयाचे ते त्याने ठरवावे. धोक्याची घंटा मात्र अशा कोणाला ऐकू गेली पाहिजे, जो पाच मिनिटांत दारात उभा राहील. तो सातासमुद्रापलीकडचा मुलगा नव्हे. तो शेजारी होय. एक किल्ली त्याच्याकडे असावी.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या रीतीने म्हातारपण काढावे, ही इच्छा रास्त आहे. ती पुरी व्हावयाची तर घर विश्वासाचे हवे. आज घरी गेल्यावर प्रथम न्हाणीघरातील गीझर कोठे बसविला आहे, ते पाहा. यंत्र पुढच्या महिन्यात घेतले तरी चालेल; ते पाहणे मात्र आजच झाले पाहिजे.