तिकीट नसलेल्या शहरात

भिलाईत सरकारी लॉटरीचं तिकीट मिळत नाही. सुपेल्याच्या बाजारात नाही, पॉवर हाउसला नाही, सिव्हिक सेंटरलाही नाही. छत्तीसगड सरकार स्वतःची लॉटरी चालवत नाही आणि राज्यात लॉटरीला परवानगीही नाही. दुर्गहून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की डोंगरगडच्या पुढे राज्याची हद्द संपते. गोंदियाला उतरलं की महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट राजरोस घेता येतं. इथल्या बऱ्याच मराठी घरांचे सोयरे नागपूर-भंडारा-गोंदियाकडचे. एकाच प्रवासात गुन्हा ठरणारी वस्तू सरकारी कशी होते, हा प्रश्न त्यांना पडणं साहजिक आहे.

त्याचं उत्तर राज्यघटनेत आहे. जुगार आणि सट्टा हा राज्यांचा विषय, पण सरकारनं चालवलेली लॉटरी केंद्राच्या यादीत. या फटीतून कित्येक वर्षं भांडणं झाली. महाराष्ट्रानं परराज्यांची तिकिटं आपल्याकडे विकायला बंदी घातली, तेव्हा 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा अधिकार राज्याला नाही. पुढे नव्वदच्या दशकात एक आकडी लॉटरीचं पेव फुटलं. शून्य ते नऊपैकी एक आकडा लावायचा, थोड्या वेळात निकाल, हरलं की पुन्हा लावायचा. तिनं संसार धुळीला मिळवले. मग संसदेनं 1998 चा लॉटरी नियमन कायदा केला. एक आकडी लॉटरी बंद झाली. तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्यानंच आणि राज्यातच काढायची, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा व्हायचा, न मागितलेलं बक्षीस सरकारजमा, वर्षात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नाहीत, अशा अटी आल्या. परराज्याची तिकिटं रोखण्याचा अधिकारही राज्यांना मिळाला. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये जी मेख मारली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते: दुसऱ्याची लॉटरी बंद करायची असेल, तर आधी स्वतःची बंद करा. म्हणून महाराष्ट्रात दुसऱ्या राज्यांची तिकिटं विकली जातात आणि छत्तीसगड दार पूर्ण बंद ठेवू शकतो.

स्वतंत्र भारतात सरकारी लॉटरीची वाट केरळनं घालून दिली. 1967 मध्ये तिथे लॉटरी खातं निघालं आणि 26 जानेवारी 1968 ला पहिली सोडत झाली. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस 50 हजारांचं. महाराष्ट्राची लॉटरी 1969 च्या एप्रिलमध्ये आली. तिच्यामागे महसुलाइतकंच मटक्याला आळा घालण्याचं कारण होतं. मटका चालवणारे कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा आकडा तेव्हा गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत पोचला होता. सरकारी तिकीट हाती आलं की लोक मटका सोडतील, असा हिशेब होता. तो चुकला. सत्तरच्या दशकात मटका उलट फोफावला. केरळात तर याहून वाईट झालं. सरकारी सोडतीत जो नंबर निघतो, त्याच्या शेवटच्या तीन आकड्यांवर बेकायदा सट्टा सुरू झाला. सोडत सरकारची, धंदा सट्टा घेणाऱ्या खाईवालाचा.

केरळची सोडत तिरुवनंतपुरमच्या गोर्की भवनात होते. पंचांसमोर यंत्र तपासतात, प्रत्येक अंकासाठी वेगळं चाक, कळ दाबली की चाकं फिरतात आणि एकेक आकडा थांबतो. लोक समोर बसून पाहतात. त्यात लपवाछपवी नाही, पण म्हणून तो घेणाऱ्याच्या फायद्याचा सौदा ठरत नाही. एका सोडतीची एक कोटी तिकिटं असतील, तर रोज एक घेणाऱ्याला तेवढी तिकिटं घ्यायला सत्तावीस हजार वर्षं लागतील. शिवाय तिकिटाच्या किमतीतच जीएसटी बसलेला असतो. सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. म्हणजे 50 रुपयांच्या तिकिटातले सुमारे 14 रुपये सोडतीआधीच करात जातात. बक्षीस लागलं तरी छापलेला आकडा हातात पडत नाही. 2022 च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस 25 कोटींचं होतं. त्यातून एजंटाचे दहा टक्के गेले, उरलेल्यावर 30 टक्के आयकर गेला, राहिले पावणेसोळा कोटी. अधिभार-उपकर आणखी वेगळे. विजेता रिक्षाचालक होता. बातमी छापून येताच मदत मागणाऱ्यांची रीघ लागली आणि त्याला घरात राहणं मुश्कील झालं.

मोठा पैसा विक्रीच्या साखळीत असतो. ईशान्येकडची राज्यं तिकिटं घाऊक वितरकांमार्फत विकतात. 2024 मध्ये राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी घेतलेल्या निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली, तेव्हा सर्वांत वर नाव होतं एका लॉटरी वितरक कंपनीचं, फ्यूचर गेमिंगचं. रोखे 1,368 कोटींचे. त्यांची मुळं गरिबाच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांपर्यंत जातात, याची मला चीड येते.

म्हणूनच छत्तीसगडनं लॉटरी आणावी, असं मी म्हणणार नाही. पण तिकीट नाही म्हणून सट्टा नाही, असंही भिलाईत कुणी म्हणू शकत नाही. 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या शहराचं नाव 2023 मध्ये ‘महादेव’ या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपमुळे देशभर गाजलं. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार ॲपचे सूत्रधार सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे भिलाईचेच. चंद्राकर इथे ज्यूसचं दुकान चालवायचा. मुख्य कचेरी दुबईत, इथे ओळखीतल्यांना ‘पॅनल’, म्हणजे सट्टा घेणारी शाखा, चालवायला द्यायचे, नफ्याची वाटणी 70-30. तपास यंत्रणेच्या आरोपानुसार चंद्राकरच्या अमिरातीतल्या लग्नावर सुमारे 200 कोटी रोख उधळले गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रानं महादेवसह 22 ॲप आणि संकेतस्थळं बंद केली. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा झाला. न्यायालयात काय सिद्ध व्हायचं ते होईल. पॅनलवर बसून लोकांचे पैसे घेणारी पोरं मात्र याच सेक्टरांतली, कॉलेजात जाणारी होती. त्यांच्या आईबापांना पोलीस दारात आले तेव्हा कळलं. सरकारी लॉटरीत निदान तिकीट, सोडतीची तारीख आणि जाहीर निकाल तरी असतो. पॅनलवर हरलेल्याकडे दाद मागायला चिठोरंही नसतं.

इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना आता लॉटरीच्या नावानं फसवे फोन येतात, पंचवीस लाखांची लॉटरी लागली, ‘टॅक्स’ भरा आणि रक्कम घ्या. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात असलेला माणूस यात सहज अडकतो. तिकीट घेतलं नसेल तर बक्षीस लागत नाही. खऱ्या बक्षिसावरचा आयकर रक्कम देतानाच कापून घेतात, आधी भरायला कुणी सांगत नाही. घरी आजोबा-आजी असतील तर त्यांना हे आजच सांगा, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.