दुसरी नजर कोणाची?

रुग्णालयासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, प्रणाली घ्यायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न तिच्या अचूकतेचा येतो आणि दुसरा किमतीचा. डॉक्टर आणि यंत्र यांच्यात कामाची वाटणी कशी करायची, हे बहुधा यंत्र आल्यावर सुचते.

स्वीडनमध्ये हा विचार आधी झाला. तेथे स्तनांच्या कर्करोगासाठी केलेली प्रत्येक मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दोन रेडिओलॉजिस्ट पाहत असत. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे, हा हेतू. पण रेडिओलॉजिस्ट अपुरे पडू लागले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मसाई’ चाचणीत लाखाहून अधिक महिलांचे दोन गट केले गेले. एका गटात जुनीच पद्धत ठेवली. दुसऱ्यात एआयने प्रत्येक एक्स-रेला जोखमीनुसार १ ते १० गुण दिले. कमी जोखमीचे एक्स-रे एका डॉक्टरने पाहिले, सर्वाधिक जोखमीचे दोघांनी. महिलेला पुढील तपासणीसाठी बोलवायचे की नाही, हे मात्र डॉक्टरच ठरवत. एक्स-रे पाहण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले. जुन्या पद्धतीत २६२ महिलांत कर्करोग सापडला होता, नव्या पद्धतीत ३३८ महिलांत.

दुसरी बाजू जर्मनीतील कोलोनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडली. त्यांनी २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राफी दाखवल्या, सोबत ‘एआयचे मत’. खरे तर यंत्र नव्हतेच! ती मते संशोधकांनीच तयार केली होती आणि त्यातली काही मुद्दाम चुकीची होती. मत बरोबर असताना सर्वांत अनुभवी डॉक्टरांची वर्गवारी ८२ टक्के वेळा बरोबर आली; चुकीचे असताना सुमारे ४५ टक्के. नवख्यांचे प्रमाण ८० वरून २० टक्क्यांखाली घसरले. पडद्यावर आधीच उत्तर दिसले की मुरलेली नजरसुद्धा त्याच्यामागे जाते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक्स-रे एकच डॉक्टर पाहतो. तेथे एआय ही दुसरी नजर ठरू शकते. मात्र डॉक्टरांनी आधी आपले मत नोंदवावे, मग यंत्राचे उघडावे. यात दोन-तीन मिनिटे जादा जातील आणि विक्रेत्याने सांगितलेला वेग मिळणार नाही, पण ते चालेल. दोघांचे मत जुळले नाही तर तो एक्स-रे कोण आणि किती दिवसांत पाहणार, हे खरेदीच्या फाईलमध्येच लिहिलेले असावे.