दांडा कोठें धरावा?

२०१६ सालीं रिओच्या पॅरालिंपिक स्पर्धेंत इराणच्या सियामंद रहमान यांनीं बाकावर उताणें निजून ३१० किलोंचा भार छातीवरून वर लोटला. पाय अधू असणाऱ्यांच्या ह्या खेळांत पायही बाकावरच असतात. जमिनीचा रेटा मिळत नाहीं. म्हणून दांडा कोठें धरावा, ह्याला विशेष महत्त्व येतें. हात दूर ठेवले कीं दांड्याची वाट आंखूड होते व बहुधा अधिक वजन उचललें जातें. जवळ ठेवले कीं ती लांबते आणि दंडाच्या मागील स्नायूंवर ताण वाढतो. नियमानें दोन्ही तर्जनींमधील अंतर ८१ सेंटिमीटरांहून अधिक चालत नाहीं. परंतु फार रुंद पकड खांद्यांस जाचते. आणि चाकांची खुर्ची हांकणाऱ्यास खांदे हेच पाय! ते शाबूत राखील तीच रुंदी योग्य.