साल्व्हियाची काडी

ब्रिटनच्या बागांत उन्हाळाभर फुलणाऱ्या झुडूपवजा साल्व्हिया मूळच्या मेक्सिको आणि टेक्साससारख्या कोरड्या मुलखातल्या. थंडी त्या बऱ्यापैकी सोसतात. पण हिवाळ्यातली गार, ओली माती त्यांना मारते. म्हणून तिथले जाणते बागवान दर उन्हाळ्यात चार काड्या लावून ठेवतात. संकरित जाती बियांपासून तशाच उतरत नाहीत, तेव्हा ‘हॉट लिप्स’ या जातीची लाल-पांढरी फुलं हवी असतील तर छाटकलमच हवं.

काडी सकाळी घ्यावी, फूल न आलेल्या कोवळ्या फांदीची, साधारण ८ ते १० सेंमी. कळी असलीच तर खुडावी, कारण फुलणारी काडी मुळांवर शक्ती खर्च करत नाही. काप पेराच्या अगदी खाली द्यावा. मुळं तिथूनच सहज फुटतात. खालची पानं काढून कंपोस्ट आणि जाड वाळूच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात, कुंडीच्या कडेशी काड्या खोचाव्यात. वर प्लॅस्टिकची पिशवी, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नव्हे. पिशवी अधूनमधून उघडावी, नाहीतर बुरशी धरते. साल्व्हिया आपल्या तुळशी-पुदिन्याच्याच कुळातली. पुदिन्याची काडी रुजवलेल्याला यात नवं काही वाटणार नाही.

तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. खरी कसोटी पुढे: रोपं हिवाळाभर दंव न पडणाऱ्या काचघरात, जवळजवळ कोरडी ठेवायची. जमिनीत लावायची ती वसंतात, शेवटचं दंव सरल्यावर.