स्वादुपिंडाच्या दारातली गाठ

वरच्या पोटातून पाठीत शिरणारी कळ, उलट्या, रक्तात वाढलेलं लायपेज हे पाचक विकर. स्वादुपिंडाला सूज आलेला माणूस सलाइनवर पडून बरा होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखल होतो. नातेवाइकांना संशय बाटलीचा, डॉक्टरांना पित्ताशयातल्या खड्यांचा. बहुतेकदा दोहोंपैकी एक खराही ठरतो. पण दोन्ही खोटे ठरले तर?

मग दार तपासावं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, आतल्या भिंतीवरच्या एकाच इवल्याशा उंचवट्यातून उघडतात. तिथे क्वचित गाठ वाढते. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचावा, तशी ती वाट अडवते. पाचकरस मागे तुंबतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं.

या मुखाशी आवळणारं स्नायूचं कडं असतं, हे १८८७ मध्ये दाखवलं रुग्गेरो ओडीने. तेव्हा तो पेरुजियात शिकणारा पोरगा होता! कड्याला त्याचं नाव मिळालं. तो स्वतः १९१३ मध्ये दूर ट्युनिसमध्ये वारला, जवळजवळ विस्मृतीत. १९०१ मध्ये अमेरिकेत यूजीन ओपीला शवविच्छेदनात याच मुखाशी अडकलेला पित्तखडा सापडला. पित्त उलटं स्वादुपिंडात शिरतं, हा त्याचा तर्क पुढे वादात सापडला. अडथळ्याचा मुद्दा टिकला. गंमत म्हणजे तो रुग्ण ज्यांचा होता, त्या शल्यविशारद हाल्स्टेड यांनी १८९८ मध्येच अशा जागेवरची गाठ कापून काढली होती.

आजही ती सहज निसटते. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो. नेहमीची दुर्बीण समोर पाहते, उंचवटा राहतो बाजूला. त्यासाठी बाजूने पाहणारी दुर्बीण लागते. तिच्यातूनच तुकडा तपासायला घेतात. गाठ साधी आणि वरवरची असेल तर बहुधा तिच्यातूनच काढताही येते. कर्करोग निघाला तर स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम काढणारी व्हिपल शस्त्रक्रिया, तीही परळच्या टाटा मेमोरियलसारख्या अनुभवी ठिकाणी.

या गाठीची एक खोडी ध्यानात ठेवावी. तिच्यामुळे पित्त तुंबून चढलेली कावीळ कधी आपोआप उतरतेही, कारण गाठीचा काही भाग झडून वाट तात्पुरती मोकळी होते. श्रेय मात्र झाडपाल्याला जातं आणि मोलाचे महिने निघून जातात.

तेव्हा दारू नाही, खडे नाहीत आणि सूज दुसऱ्यांदा आली, तर ‘कारण अज्ञात’ असा शेरा घेऊन घरी परतू नका. ड्युओडेनम बाजूने पाहणाऱ्या दुर्बिणीने तपासायला हवा का, एवढं डॉक्टरांना विचारा. चाळिशी उलटलेल्यांनी तर जरूर विचारावं.