नवीन गोळी बाधेल का, हे संगणकाला कसं कळतं?



भोसरीच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "नवीन औषध माणसाला बाधेल की नाही, हे आधी कसं कळतं?"

वांग्याला बारीक छिद्र दिसलं की न कापताच आपण म्हणतो, आत अळी असणार. कारण आजवर शेकडो वांगी चिरलीत. संगणकाचंही तसंच. शास्त्रज्ञ त्याला हजारो जुन्या रसायनांची माहिती देतात: कशाची रचना कशी आहे, कशाने लिव्हर बिघडलं, कशाने हृदयाचे ठोके चुकले. मग नवीन औषधाची रचना दाखवली की तो जुन्याशी ताडून धोक्याचा अंदाज सांगतो. धोकादायक वाटलेली रसायनं सुरुवातीलाच बाजूला काढता येतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून प्राण्यांवरच्या चाचण्यांना पर्याय म्हणून अशा पद्धतींनाही जागा दिली.

पण हा अंदाजच. कधी छिद्र नसलेल्या वांग्यातही अळी निघते! म्हणून माणसांवरच्या चाचण्या टळत नाहीत.

शिवाय बाटलीतली भेसळ त्याला दिसत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल औषधात विषारी डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं आणि १४ रुग्ण दगावले. तिथे प्रयोगशाळेतली तपासणीच हवी.

आणि आपण घरी किती गोळ्या घेतो, हेही त्याला कळत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस तापाची एक गोळी घेतो, वर सर्दीची घेतो. पुष्कळदा दोन्हीत पॅरासिटामॉलच असतं. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. जास्त झालं तर लिव्हर निकामी होऊ शकतं. दारू पिणाऱ्याला, लिव्हरचा आजार असणाऱ्याला मर्यादा आणखी कमी. ती डॉक्टरांनाच विचारा.

म्हणून एवढं करा:
• कंपनीचं नाव नको, पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा.
• गरोदरपणात आणि लहान मुलांना मनाने गोळी देऊ नका.
• औषध घेतल्यावर अंगावर पुरळ, डोळे पिवळे, दम लागणं असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. पाकीट सोबत न्या.
• त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.

ही नोंद टाळू नका. संगणक शिकतो ते अशाच माणसांच्या अनुभवांवरून. पुढच्या बैठकीला घरातली गोळ्यांची पाकिटं घेऊन या, नावं मिळून वाचू.