करमणूक आणि शेजारधर्म



व्याख्यान ऐकावयास जमणे ही महाराष्ट्राची जुनी सवय आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्या काळी नवा विचार कानावर पडावा तर वर्तमानपत्र वाचावे किंवा सभेस जावे, याखेरीज तिसरा मार्ग नव्हता. आज मार्गांना तोटा नाही. खिशातल्या मोबाइलवर साऱ्या जगाची भाषणे मिळत असताना आपण ही सायंकाळ काढून पेणकरपाड्यात एका सतरंजीवर बसलो आहो, याचेच आम्हांस अप्रूप वाटते. म्हणून आजचा विषयही तोच घेतला आहे. लोकांचे रंजन करणारी ही साधने आपल्या रोजच्या जगण्याला कसे वळण लावतात, हे आपण पाहू.

करमणूक म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग, अशी आपली समजूत असते. आमच्या मते ती अपुरी आहे. करमणुकीची साधने आपल्या नकळत तीन कामे करतात. ती आपल्या दिवसाची वाटणी करतात. घर कसे असावे, लग्न कसे व्हावे याची कल्पना आपल्या मनात भरवितात. आणि आपला कोण व परका कोण, हेही ठरवू लागतात. तिसरे काम सर्वांत नाजूक, म्हणून ते शेवटी घेऊ.

प्रथम दिवसाची वाटणी. मुंबईला रेडिओ केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. पुढे घरोघर रेडिओ आला, तेव्हा त्याने गाण्याबरोबर घड्याळही आणले. बातम्या लागल्या की चहा, अमुक कार्यक्रम संपला की डबा घेऊन स्टेशन गाठायचे, असा घराचा क्रम बसला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन गीते सुधीर फडके यांच्या संगीतात आठवड्याला एक या बेताने वर्षभर चालली. एका गाण्यासाठी आठवडाभर थांबावयाचे, आणि सर्वांनी एकाच वेळी थांबावयाचे! त्या थांबण्यात जी गोडी होती ती गाण्याइतकीच मोलाची होती, असे आम्हांस वाटते.

याच काळातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांना चित्रपटगीते हलकी वाटत. १९५२ साली आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. तेथे त्याच वर्षी अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविधभारती काढावी लागली. हुकुमाने लोकांची अभिरुची बदलत नाही, हा त्यातला धडा. आज 'मोबाइलवर बंदी घाला' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो विसरू नये.

आता घराकडे वळू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रारंभी संच थोडे आणि पाहणारे फार. ज्याच्या घरी संच त्याच्या घरी आळीतली मुले खिडकीत लोंबकळत, आणि घरमालकीण 'चपला बाहेर काढा रे' म्हणत सर्वांना आत घेई. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रस्ते ओस पडत. पुढे १९९२ साली झी वाहिनी आली, १९९९ साली अल्फा मराठी आली, संच स्वस्त झाले. प्रत्येक घरात एक संच झाला, आणि दाराला आतून कडी लागली. कोणी कोणाशी भांडले नव्हते. फक्त शेजाऱ्याकडे जाण्याचे एक कारण कमी झाले.

घरात शिरलेल्या चित्राने घराची रीतही बदलली. आपल्या लग्नात हळद असे, रुखवत असे, वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळी. आता संगीत आणि मेंदी आल्या, आणि १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' नंतर नवऱ्याचे जोडे पळविण्याचा खेळ मराठी मांडवातही सर्रास दिसू लागला. यात आम्हांस पाप दिसत नाही. रीती नेहमीच एका गावाहून दुसऱ्या गावी जात आल्या आहेत. प्रश्न एवढाच, की पूर्वी रीत शेजाऱ्याच्या घरातून येई. तिचा खर्च किती, तिचा अर्थ काय, हे विचारता येई. पडद्यावरच्या लग्नाचा खर्च मात्र पडद्यावर दिसत नाही. तो मुलीच्या बापाच्या वहीत दिसतो.

आणि आता तिसरे काम. पूर्वी आपल्या खेड्यांतून बातमी आणि गाणे एकाच पायाने चालत येई. पहाटे वासुदेव येई, पोतराज येई, डौर वाजवीत नाथपंथी डवरी गोसावी येत. हा माणूस अनोळखी, पण परका नव्हे. त्याच्या वेषावरून, वाद्यावरून त्याची ओळख पटे. सुपातून मूठभर धान्य द्यावे, चार घटका ऐकावे, आणि त्याने पुढच्या गावी जावे. त्या काळची तीच वृत्तसंस्था आणि तेच नाट्यगृह.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, याच डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. पोटासाठी फिरत आलेली ही माणसे होती. मुले पळविणारी टोळी हिंडत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. अफवा खोटी होती. माणसे खरी होती. जो समाज पिढ्यानपिढ्या दारोदार गाणे पोहोचवीत आला, त्याला नव्या साधनाने एका दिवसात परका ठरविले. या विषयावर बोलताना हसून पुढे जाता येत नाही, ते याच कारणाने.

कोणी म्हणेल, अफवा काय मोबाइलने जन्माला घातली? नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर व परदेशांतही पसरली, तेव्हा मोबाइल सामान्य माणसाच्या हाती नव्हता. कान हलके असणे हा माणसाचा जुनाच गुण आहे. मग नवे काय? आमच्या मते दोन गोष्टी नव्या आहेत.

पहिली, बोलणाऱ्याचे नाव नाहीसे झाले. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हा मजकुरामागे कोण उभा आहे हे वाचकास ठाऊक होते. १८६७ च्या कायद्याने तर प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे सक्तीचे केले. साध्या हस्तपत्रिकेच्या तळाशीही ते असे. खोटे छापले तर दार ठोठवावयास एक घर असे. मोबाइलवर पुढे ढकललेल्या निरोपास असे घर नसते. तो मामेभावाकडून आलेला असतो, म्हणून आपण त्यास मामेभावाचा शब्द मानतो. पण मामेभावाने तो कोठून घेतला, हे मामेभावासही ठाऊक नसते.

दुसरी, निवड करणारा बदलला. वर्तमानपत्राचा संपादक वाचकांना काय सांगावे याचा विचार करी. चुकला तरी करी. मोबाइलमधली यंत्रणा आपण कशापाशी अधिक वेळ थांबलो ते मोजते, आणि तशाच गोष्टी पुन्हा पुढे मांडते. भीती आणि संताप यांपाशी माणूस अधिक थांबतो, म्हणून तेच ताटात अधिक पडते. राईनपाड्याच्या घटनेनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन घातले. उपाय चांगला, पण अपुरा. पाच अंगठे मिळून पंचवीस होतात, आणि पंचवीसांचे सव्वाशे.

हे सर्व पेणकरपाड्यात बोलण्याचे कारण आहे. मीरा-भाईंदर ही एके काळी मिठागरांची, शेतीची आणि कोळ्यांची भूमी. गावाच्या नावातला 'पाडा' त्याची साक्ष देतो. २००१ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत सुमारे तीन लाख माणसे वाढली. याचा अर्थ असा की एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, हिंदी, कानडी, तुळू बोलणारी घरे आली. गावी शेजारी आपोआप ओळखीचा असे. येथे ओळख करून घ्यावी लागते. ती केली नाही तर त्या रिकाम्या जागेत मोबाइल ओळख भरून देतो, आणि ती नेहमीच खरी नसते.

तर मग करावे काय? रेडिओ फोडून केसकरांचे काम झाले नसते, मोबाइल फेकून आपलेही होणार नाही. आम्ही एवढेच सुचवितो. कोणाविषयी भय वा चीड उत्पन्न करणारा निरोप आला, तर पुढे पाठविण्यापूर्वी विचारावे: हे कोण म्हणतो? त्याचे घर कोठे? आणि हे खोटे निघाले तर मार कोणाला बसेल? उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरावा. आणि ज्याच्याविषयी निरोप आहे तो याच जिन्यावर राहत असेल, तर दोन पायऱ्या चढून त्याच्याकडे चहा मागावा.

परत जाताना आज शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थास वा भगिनीस नाव विचारून जा. व्याख्यान विसरलात तरी चालेल, नाव ध्यानात राहू द्या. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.